निघताना हातावर काय ठेवलंत?

हेमलता मॅडमच्या शोकसभेत जो उठेल तो म्हणत होता, "प्रेमळ होत्या, कोणाबद्दल मनात काही ठेवायच्या नाहीत." मी मागच्या खुर्चीवर बसून दातओठ खात होते. अहो, मनात ठेवायच्या नाहीत? त्यांच्याइतकं मनात ठेवणारं माणूस मी जन्मात बघितलेलं नाही! आणि हे मी कौतुकाने सांगतेय, तक्रार म्हणून नाही. सोडून देणारी माणसं हॉस्पिटलात पैशाला पासरी मिळतात. "जाऊ दे सिस्टर, नशिबात होतं," म्हणतात आणि डबा खायला बसतात.

माझी आई ठाण्याच्या खाडीकाठची. सुकी मासळी विकून तिने मला नर्सिंग शिकवलं. ती म्हणायची, "वला राग दोन दिसांत नासतो गो बाय, सुकवला का वरीसभर पुरतो." मॅडम डोंबिवलीच्या, वरण-भात-तुपातल्या. माझ्या डब्यात सुकट असली की खिडकी उघडायच्या. पण राग सुकवायची विद्या त्यांना माझ्या आईपेक्षा चांगली यायची.

मॅडम भूलतज्ज्ञ होत्या. स्वतःचं हॉस्पिटल वगैरे काही नाही. डोंबिवली, कल्याण, विठ्ठलवाडी, ठाणे, जिथून फोन येईल तिथे करड्या स्कूटरवरून जायचं, भूल द्यायची, पेशंट शुद्धीवर आला, बोलला, की पुढच्या ठिकाणी. मागच्या सीटवर मी, मांडीवर त्यांची काळी बॅग. पंधरा वर्षं मी ती बॅग सांभाळली. तिच्यात लहान मुलांचे मास्क असायचे, अगदी वाटीएवढे, कारण दुसऱ्याच्या सामानावर मॅडमचा काडीचा विश्वास नव्हता. हेल्मेट काढता काढता पहिलं वाक्य ठरलेलं, "चहा नको, पेशंट दाखवा."

त्यातही त्यांचं खास काम म्हणजे दोन-तीन वर्षांची पोरं. लोकांना वाटतं एवढ्याशा पोराच्या दाताला भूल कशाला? अहो, आठ-आठ दात किडलेले असतात. रात्री दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवायचं, वर दुधात साखर. मग पोरगं ठणक्याने रात्रभर रडतं, जेवत नाही, गाल सुजतो. ते काय खुर्चीवर तोंड उघडून तासभर बसणार आहे? त्याला पूर्ण झोपवूनच सगळे दात एकदम करावे लागतात. कल्याणला एक बाप मॅडमना म्हणाला, "भुलीने पोरगा मंद होतो म्हणे. आम्ही नको म्हणतोय." मॅडमनी त्याला बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "धोका शून्य आहे असं मी सांगणार नाही. शून्य नाही म्हणूनच मला बोलावलंय. पण भूल वाईट नसते हो. भूल देऊन दुसरीकडे बघणं वाईट असतं. आणि ती बाटली आधी फेका." तो बाप निमूट सही करून आला.

दुसरीकडे बघणं हा प्रकार मॅडमना माहीतच नव्हता. सगळी यंत्रं लावलेली असायची, पडद्यावर आकडे असायचे, तरी त्या एक जुना स्टेथोस्कोप पोराच्या छातीला चिकटपट्टीने लावायच्या आणि त्याची एकच नळी डाव्या कानात घालून बसायच्या. ऑपरेशन संपेपर्यंत तो कान पोराचा. सर्जन काही विनोद करायला लागला की उजव्या कानाने ऐकायच्या आणि हसायच्या नाहीत. मुलांशी खोटं बोलायच्या नाहीत. "काही होणार नाही हं बाळा" असलं गुळमुळीत नाही. "वास घाण आहे. तू जोरात फुंकर मार, वास पळतो का बघू." पोरगं फुंकरा मारता मारता झोपायचं.

आणि एक प्रश्न होता. तो म्हणजे मॅडमचं खरं कसब.

भूल द्यायच्या आधी पोट रिकामं लागतं, नाहीतर झोपेत पोटातलं उलटून फुफ्फुसात जातं. सगळ्यांना सांगितलेलं असतं, उपाशी आणा. सगळे छातीठोक सांगतात, "काल रात्रीपासून काही दिलं नाही." विठ्ठलवाडीला असंच एक जोडपं आलेलं. आई म्हणाली काही दिलं नाही, बाप म्हणाला काही दिलं नाही, फॉर्मवर दोघांची सही. मॅडमनी तिकडे बघितलंही नाही. कोपऱ्यात आजी बसली होती, तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "आजी, निघताना हातावर काय ठेवलंत?"

आजीचा चेहरा फुलला. "दही-साखर हो! चांगल्या कामाला निघाला, तसाच कसा पाठवणार? भुकेला होता बिचारा, आणखी आणखी म्हणाला, मग वाटीभर खाल्लंन्."

खोटं कोणीच बोललं नव्हतं. दही-साखर हे कोणाच्या हिशेबी खाणंच नाही. परीक्षेला निघा, मुलाखतीला निघा, हातावर देवाचं म्हणून ठेवतात ते. आई-बाप बूट घालत असतात तेव्हा आजी देऊन मोकळी होते. मॅडम उठल्या आणि डेंटिस्टला म्हणाल्या, "आज नाही." तो का म्हणून विचारायला लागला. मॅडम हेल्मेट घालत म्हणाल्या, "दात उद्याही किडलेलाच असेल. पोरगं उद्याही हवंय." एवढंच. कारण सांगायच्या नाहीत. कुठेच नाही, कोणालाच नाही. "मी नाही म्हटलं की नाही. कारण विचारायचं नाही." मला त्याचा केवढा अभिमान! स्कूटरवर मागे बसून मी त्या डेंटिस्टचं पडलेलं तोंड आठवून हसत आले होते.

आता त्या माणसाकडे येते. त्याचं नाव घेऊन तोंड विटाळायची माझी इच्छा नाही. त्याच्या क्लिनिकच्या पाटीवर हसणारा दात काढलेला, म्हणून आम्ही त्याला हसरा म्हणायचो. ठाण्यात क्लिनिक, भिंतीवर हत्ती-जिराफ, खुर्ची गुलाबी, आणि स्वतः दिवसभर पोरांबरोबर रील काढायचा. मॅडम दोन वर्षं त्याच्या केसेसना गेल्या. एका महिन्यात त्यांनी तिथे तीन केस रद्द केल्या. एकाला सर्दी होती, छाती वाजत होती. दोघांच्या आज्यांनी दही दिलेलं. तिसऱ्यांदा तो चिडला. "मॅडम, पालक दुसरीकडे जातात! निदान कारण तरी सांगा. का तुमचा मूड नाही?" मॅडमनी बॅग माझ्या हातात दिली आणि जिना उतरल्या. त्यानंतर त्याने आम्हाला बोलावलं नाही. दुसऱ्याही कोणाला बोलावलं नाही. मेला स्वतःच गुंगीचं औषध पाजायला लागला, नाही पुरलं की वर इंजेक्शन. दात पण तोच करणार, श्वासावर लक्ष पण तोच ठेवणार. म्हणजे गाडी चालवायची आणि त्याच वेळी मागे वळून गप्पा मारायच्या.

एका सकाळी आम्ही त्याच्या तीन गल्ल्या पलीकडे एक केस संपवून बाहेर पडत होतो, तर त्याचा फोन. "मॅडम, लवकर या, पेशंट निळी पडलीय." मॅडम स्कूटर तिथेच टाकून धावल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, साडीत, भर रस्त्यातून. मी बॅग घेऊन मागे. गुलाबी खुर्चीवर अन्वी, अडीच वर्षांची, डोंबिवलीची. बोटाला यंत्र नाही, छातीला काही नाही. तोंडातून दही येत होतं. मॅडमनी घशातून श्वासाची नळी घातली, मी छाती दाबत होते. चाळीस मिनिटं. मग मॅडम थांबल्या, आणि मी थांबत नव्हते म्हणून त्यांनी माझा हात धरला.

बाहेर आई, बाबा, आजी. सुमनआजी. हसरा बाहेर गेला, आणि आम्ही दारात पोचायच्या आत बोलून मोकळा झाला, "सक्त सांगितलं होतं उपाशी आणा. आजींनी दही भरवलं. आम्ही तरी काय करणार?"

चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्या! आजीच्या हातात कापडी पिशवी होती. सुनेने ती ओढून घेतली, आत हात घातला. स्टीलची छोटी वाटी निघाली, झाकण लावलेली. काम झाल्यावर नातीला द्यायला थोडं दही वेगळं ठेवलेलं. सुनेने ती वाटी सासूच्या पायाशी टाकली. आजी खाली वाकून दही पुसायला लागली, पदराने. दुसऱ्याच्या जागेत सांडलं म्हणून. हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पोलिस आले, कागद झाले, डॉक्टरांच्या काऊन्सिलकडे तक्रार गेली. काही महिने त्याला घरी बसवलं, तक्रार तशीच लोंबकळत राहिली. मग परत गुलाबी खुर्ची, परत रील. मॅडम डोंबिवलीला आजींच्या घरी जायच्या. त्या घरात सून सासूच्या हातचं पाणी पीत नव्हती. मुलगा बाहेरून डबा आणायचा, आजी आपलं वेगळं शिजवून खायची, तेही शिजवलं तर. मॅडमनी सुनेला दोनदा समजावलं, "अगं, दही पोटात असून सुद्धा वाचली असती. कोणी श्वासाकडे बघत असतं तर वाचली असती. दह्याने नाही गेली ती." सून म्हणाली, "तुम्ही आईंची बाजू घेताय. डॉक्टर स्वतः म्हणालेत माझ्यासमोर."

म्हणजे ज्या तोंडाने आजींवर आळ घातला त्याच तोंडाने तो काढायला हवा होता. जिना उतरताना मॅडम मला म्हणाल्या, "वंदे, मला त्याचा तुरुंग नको, दंड नको. त्याने या घरात येऊन दोन वाक्यं बोलायची. मी विचारलं नव्हतं. मी बघत नव्हतो." त्यांनी त्याला फोन केला. तो म्हणाला, "वकील म्हणतात काही कबूल करू नका."

झालं. मॅडम हात धुवून त्याच्या मागे लागल्या.

पहिल्यांदा भूलवाल्यांच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. आता त्याने बोलावलं तरी ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकही भूलतज्ज्ञ त्याच्या दारात जाईना. मग तो जिथे भाषण द्यायला जाईल तिथे मॅडम पहिल्या रांगेत. 'चिमुकल्यांचे निर्भय दंतोपचार' असले विषय असायचे त्याचे. प्रश्नोत्तरं सुरू झाली की मॅडम उठायच्या, माईक घ्यायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "मुलीला औषध पाजण्याआधी काय काय विचारलं होतंत, ते सांगता का?" ठाण्यात विचारलं, डोंबिवलीत विचारलं, कल्याणात विचारलं. सुरुवातीला लोक हसले. नंतर लोक त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. मग त्याला बोलावणंच बंद झालं. त्याच्या रीलखाली पण हाच प्रश्न. मीच त्यांना अकाउंट काढून दिलेलं. तो पुसायचा, मॅडम परत लिहायच्या. रिक्षाच्या रांगेत उभ्या राहून लिहायच्या, भाजी घेताना लिहायच्या. मला म्हणायच्या, "वंदे, हा बघ पुसतोय. म्हणजे वाचतोय."

नवरात्रात तर कमाल झाली. टेंभी नाक्याला देवीच्या रांगेशेजारी त्याने मंडप टाकला, मोफत दंततपासणी, पोरांना ब्रश फुकट. मॅडम नऊवारी नेसून आल्या! जन्मात नेसल्या नव्हत्या, माझ्याकडून नेसून घेतली. मंडपाला खेटून उभ्या राहिल्या आणि रांगेतल्या प्रत्येक आई-आजीच्या हातात कागद. झेरॉक्स काढून आणलेले. 'मुलाला भूल देणारा डॉक्टर वेगळा आहे का? त्याचं नाव काय? तो शेवटपर्यंत मुलाजवळ बसणार का? श्वास अडकला तर ऑक्सिजन आणि सामान आहे का?' हसऱ्याने हवालदाराला आणलं. "ही बाई माझी बदनामी करतेय." हवालदाराने कागद वाचला, उलटा करून मागे काही आहे का तेही बघितलं. "यात तुमचं नाव कुठाय डॉक्टर?" म्हणाला, आणि दोन कागद खिशात घातले. नात होती त्याची, दोन वर्षांची. मी तर रस्त्यातच टाळी दिली मॅडमना. देवीसमोर उभं राहून हात जोडले तेव्हा मी त्या माणसाचं वाटोळं मागितलं, खोटं कशाला सांगू.

तीन वर्षं चाललं हे. मुलं त्याच्याकडे यायची बंद झाली. जिराफ-हत्ती पुसून तो मोठ्यांचे दात पांढरे करायला लागला. शेवटी एक दिवस कल्याणच्या नर्सिंग होमच्या गेटवर येऊन उभा राहिला. केस पिकलेले. "मॅडम, संपलं सगळं माझं. आता तरी सोडा. काय हवंय तुम्हाला?"

"दोन वाक्यं," मॅडम म्हणाल्या.

रविवारी सकाळी आम्ही तिघं डोंबिवलीला आजींच्या घरी गेलो. तिसरा मजला. मुलगा, सून, आजी, सगळे होते. तो उभ्यानेच म्हणाला, "मी विचारलं नव्हतं. मी बघत नव्हतो." खाली फरशीकडे बघत, घाईघाईने.

सून म्हणाली, "परत बोला. आईंकडे बघून बोला."

तो परत बोलला. या वेळी आवाज फाटला त्याचा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तीन वर्षांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं. सून भिंतीला टेकली आणि मग सरकत सरकत सासूच्या शेजारी जाऊन बसली. आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही. मॅडमचे डोळे भरून आलेले मी तेव्हाच पहिल्यांदा बघितले. त्या आजींना म्हणाल्या, "आजी, तुमचं काही चुकलेलं नाही. सगळ्याच आज्या देतात दही-साखर. मी तर प्रत्येक आजीला विचारते. इतक्या वर्षांत कितीतरी जणींनी दिलेलं निघालं."

आजींनी मॅडमकडे बघितलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"यांना सांगितलं होतंत?"

हसऱ्याने मान वर केली. "नाही," तो म्हणाला. "तीन केस रद्द केल्या माझ्याकडे. मी कारण विचारलं, तर बॅग उचलून निघून गेल्या."

"मेल्या, आता तोंड फुटलं होय रे तुला?" मी ओरडले. "भूल द्यायला माणूस न ठेवता पोरीला झोपवलंस तू, आणि..."

"वंदे, गप्प बस," मॅडम म्हणाल्या. मग आजींना म्हणाल्या, "खरं बोलतायत ते. मी सांगितलं नाही. उद्धटपणे विचारलं म्हणून मला राग आलेला. राग नसता आला तरी सांगितलं नसतं. मी कोणालाच सांगत नसे."

"मग यांना एकट्यालाच का धरलंत इतकी वर्षं?"

आजींच्या आवाजात राग नव्हता. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारल्यासारखं विचारलं त्यांनी. मी मनात शंभर उत्तरं देत होते, त्याने गुन्हा केला, मॅडमनी फक्त बोलायचं राहू दिलं, दोन्ही एक कसं होईल? आजही माझं तेच म्हणणं आहे, कोणीही येऊन भांडावं माझ्याशी. आणि हेही होतं मनात, की त्या प्रत्येक आजीच्या वेळी बॅग धरून मी शेजारीच उभी होते. मलाही ठाऊक होतं.

आजी माझ्याकडे वळल्या. "आणि या?"

"तिच्याकडे जाऊ नका," मॅडम ताडकन म्हणाल्या. "माझ्यासमोर तिने तोंड उघडायचं नाही, हा माझाच नियम होता."

मग त्यांनी सुनेला विचारलं, "काऊन्सिलला दिलेल्या तक्रारीची प्रत आहे का घरात?" सुनेने कपाटातून फाइल काढली. मॅडमनी ती पहिल्या पानापासून वाचली, चष्मा पुसून परत वाचली. शेवटच्या पानाखाली जागा होती तिथे बोट ठेवलं. "यात माझं नाव नाही. पुरवणी जोडता येते. मीच लिहून देते, मला काय माहीत होतं आणि मी कोणाला सांगितलं नाही ते. सही करून उद्या स्वतः नेऊन देते."

मुलगा म्हणाला, "अहो मॅडम, राहू द्या आता." हसरा दाराशी उभा होता, त्याला जा म्हणायचंही कोणाला सुचलं नाही.

मॅडम त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. कोरा कागद समोर घेतला आणि मागे न बघता माझ्याकडे हात केला, ऑपरेशन थिएटरात करायच्या तसा. "वंदे, पेन."

माझ्या पर्समध्ये दोन पेनं होती. मी हलले नाही. तो हात तसाच राहिला.

सून आत गेली, पेन घेऊन आली, टोपण काढून ते मॅडमच्या हातात दिलं, आणि त्या लिहून संपवेपर्यंत समोर उभी राहिली.